कृष्णवर्णीय अभियंत्यांच्या नियतकालिकामागची माणसे

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

अमेरिकेतील तंत्रज्ञान कंपन्यांची सूत्रे कोणाच्या हाती आहेत, याविषयीचे लेख आपल्या दैनिकात वेळोवेळी येतात आणि मी ते आस्थेने वाचतो. सत्या नाडेला, सुंदर पिचाई यांच्यासारख्या भारतीय वंशाच्या प्रमुखांची वाटचाल त्यांत सविस्तर असते, आणि ती मराठी वाचकाला हवीच असते. मात्र त्याच देशात, त्याच क्षेत्रात, कृष्णवर्णीय अभियंते आणि संगणक-व्यावसायिक यांच्यासाठी गेली सुमारे चाळीस वर्षे एक नियतकालिक चालवणाऱ्या माणसांबद्दल मराठी वृत्तपत्रांत काही आलेले माझ्या पाहण्यात नाही. माझी सारी नोकरी अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवण्यात झाली आणि त्या काळात या नियतकालिकाचा कारभार मी दुरून, पण लक्षपूर्वक पाहत आलो. त्यातून जे समजले ते आपल्या वाचकांपुढे यावे, म्हणून हे पत्र थोडे विस्ताराने लिहीत आहे.

‘यूएस ब्लॅक इंजिनिअर अँड इन्फर्मेशन टेक्नॉलॉजी’ हे त्या नियतकालिकाचे नाव. मेरीलँड राज्यातील बाल्टिमोर शहरातून ‘करिअर कम्युनिकेशन्स ग्रुप’ ही संस्था ते काढते. १९८० च्या दशकाच्या मध्यास टायरोन टेबोर्न यांनी ही संस्था स्थापन केली, आणि संस्थापक, प्रकाशक व प्रमुख या नात्याने तिची धुरा त्यांनीच वाहिली. स्पॅनिशभाषक वंशाच्या अभियंत्यांसाठी आणि तंत्रक्षेत्रातील गौरेतर स्त्रियांसाठीही हीच संस्था स्वतंत्र नियतकालिके काढते. ज्या काळात संगणक नुकता घराघरांत येऊ लागला होता आणि त्याच्या जाहिरातींतील चेहरे बहुतेक गोरे होते, त्या काळात कृष्णवर्णीय अभियंता हा आपला वाचक आहे असे मानून नियतकालिक काढणे हा व्यवहारदृष्ट्या धाडसाचा निर्णय होता. तो टिकला कसा, हा माझ्या मते या विषयातील सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे.

बाल्टिमोरला अशा कामाची परंपरा आहे, हे आधी सांगितले पाहिजे. गुलामगिरीत जन्मलेले जॉन मर्फी यांच्या हाती वाढलेले ‘आफ्रो-अमेरिकन’ हे वृत्तपत्र १८९२ पासून याच शहरातून निघते. त्याही मागे गेल्यास न्यूयॉर्कमध्ये सॅम्युअल कॉर्निश आणि जॉन रसवर्म यांनी १६ मार्च १८२७ रोजी ‘फ्रीडम्स जर्नल’ हे अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या मालकीचे पहिले वृत्तपत्र सुरू केले, म्हणजे आपल्या ‘दर्पण’च्या जवळपास पाच वर्षे आधी. आमची बाजू आम्हालाच मांडायची आहे, आमच्या वतीने दुसरेच फार काळ बोलत आले आहेत, असे त्याच्या पहिल्या अंकात संपादकांनी लिहिले होते. टेबोर्न यांनी या परंपरेत जी भर घातली ती अशी की, राजकारण, धर्म आणि समाजकारण यांपुरती मर्यादित राहिलेली ही बाजू त्यांनी प्रयोगशाळेत, कारखान्यात आणि भरतीच्या खोलीत नेली.

हे काम एकट्या प्रकाशकाकडून झाले नसते. टेबोर्न यांच्यासोबत सुरुवातीपासून जी माणसे उभी राहिली, त्यांत युजीन डीलोच यांचे नाव मी अग्रभागी ठेवतो. बाल्टिमोरच्या मॉर्गन स्टेट विद्यापीठात १९८४ साली अभियांत्रिकी विद्याशाखा सुरू झाली आणि डीलोच तिचे पहिले अधिष्ठाता झाले. पुढे २००२ साली ते अमेरिकेच्या अभियांत्रिकी शिक्षण संस्थेचे अध्यक्ष झाले, आणि १८९३ साली स्थापन झालेल्या त्या संस्थेचे ते पहिले कृष्णवर्णीय अध्यक्ष होते. मॉर्गन हे विद्यापीठ १८६७ सालचे, तरी तेथे अभियांत्रिकी यायला शंभरांहून अधिक वर्षे लागली, यावरून कृष्णवर्णीयांच्या उच्च शिक्षणसंस्थांना कोणत्या वागणुकीतून जावे लागले याची कल्पना येईल. मेरीलँड राज्याने या संस्थांजवळच्या इतर सरकारी विद्यापीठांत तेच अभ्यासक्रम पुन्हा सुरू करून त्यांचे विद्यार्थी ओढून घेतले, असा दावा २००६ साली न्यायालयात गेला, तो पंधरा वर्षे चालला आणि २०२१ साली राज्याने अशा चार संस्थांना मिळून ५७ कोटी ७० लाख डॉलर देण्याचे मान्य केल्यावर मिटला. अशा परिस्थितीत अभियांत्रिकी शाखा उभी करणाऱ्या अधिष्ठात्याला आपल्या विद्यार्थ्यांची दखल घेणारे नियतकालिक किती गरजेचे वाटले असेल, आणि त्या नियतकालिकालाही विद्यार्थी, पदवीधर व प्राध्यापक यांची खरी माहिती देणारा अधिष्ठाता किती मोलाचा वाटला असेल, हे वेगळे सांगायला नको.

या दोन बाजू एकत्र आल्यावर १९८७ साली मॉर्गन स्टेटमध्ये पहिल्यांदा ‘ब्लॅक इंजिनिअर ऑफ द इयर’ पुरस्कार दिले गेले. ऐतिहासिकदृष्ट्या कृष्णवर्णीय असलेल्या विद्यापीठांच्या अभियांत्रिकी अधिष्ठात्यांची परिषद या पुरस्कारांच्या आयोजनात नियतकालिकाची भागीदार आहे, आणि लॉकहीड मार्टिनसारखी मोठी कंपनीही त्यात सहभागी होत आली आहे. पुरस्कार म्हटले की आपल्याकडे शाल, श्रीफळ आणि भाषणे डोळ्यांपुढे येतात. या पुरस्काराची रचना मात्र मला पत्रकारितेच्या दृष्टीने फार विचारपूर्वक केलेली वाटते. उमेदवारांची नावे मुख्यतः त्यांच्या कंपन्या आणि सरकारी खाती सुचवतात. त्यासाठी कंपनीला आपल्याच आस्थापनेत कृष्णवर्णीय अभियंता कोण आहे, त्याने काय केले आणि ते कोणत्या पदावर केले, हे शोधून कागदावर लिहावे लागते. ज्या माणसाचे काम वर्षानुवर्षे वरिष्ठांच्या लेखी फक्त एक ओळ होते, त्याची सविस्तर हकिगत त्याच वरिष्ठांना स्वतःच्या सहीने पाठवावी लागते, आणि मग ती अंकात छापली जाते. बातमी मिळवण्याची इतकी परिणामकारक पद्धत मी क्वचितच पाहिली आहे.

ज्यांना हा सन्मान मिळाला त्यांची कामे पाहिली तर या खटाटोपाचे महत्त्व कळते. १९९१ साली तो गायन ब्लुफर्ड यांना मिळाला, जे १९८३ साली अंतराळात गेलेले पहिले कृष्णवर्णीय अमेरिकी होते. १९९२ साली तो जेसी रसेल यांना मिळाला. टेनेसी स्टेट या कृष्णवर्णीयांच्या विद्यापीठातून शिकून बेल प्रयोगशाळेत गेलेल्या रसेल यांचे डिजिटल भ्रमणध्वनी यंत्रणेतील काम पायाभूत मानले जाते. आयबीएमचे मार्क डीन यांनाही या व्यासपीठाने गौरवले. आज आपण ज्याला पीसी म्हणतो त्या यंत्राच्या मूळ नऊ पेटंटांपैकी तीन डीन यांच्या नावावर आहेत, आणि मुद्रणयंत्रासारखी जोडउपकरणे संगणकाला जोडता यावीत यासाठीच्या मार्गिकेची रचना त्यांनी सहकाऱ्यांसह केली. संगणकाचा इतिहास मी वर्गात शिकवत असे तेव्हा आमच्या क्रमिक पुस्तकांत यांपैकी एकही नाव नव्हते. पाठ्यपुस्तके लिहिणाऱ्यांना ही नावे ठाऊक नव्हती, कारण ती नोंदवून ठेवणारे कोणी त्यांच्या वाचनात नव्हते. नोंद ठेवणे हे नियतकालिकाचे पहिले काम असते आणि बाल्टिमोरच्या मंडळींनी ते न कंटाळता केले.

त्यांच्या आणखी एका उपक्रमाकडे मी आपले लक्ष वेधू इच्छितो. कृष्णवर्णीयांच्या विद्यापीठांतील अभियांत्रिकी शाखांना कोणत्या कंपन्या आणि कोणती सरकारी खाती खरोखर मदत करतात, हे तेथील अधिष्ठात्यांना विचारून नियतकालिक दरवर्षी यादी छापते. कंपनी स्वतःविषयी काय सांगते याला या यादीत स्थान नाही. प्रयोगशाळेला साधने कोणी दिली, संशोधनाची कामे कोणी दिली, विद्यार्थ्यांना उन्हाळ्यात उमेदवारीवर कोणी घेतले, हे ज्यांना रोज अनुभवाने माहीत असते अशा माणसांचे मत त्यात मोजले जाते. आपल्याकडे महाविद्यालयांच्या क्रमवारीच्या पुरवण्या दरवर्षी निघतात. त्यांत कंपन्या महाविद्यालयांना गुण देतात, असे मी आयुष्यभर पाहिले. महाविद्यालयांनी कंपन्यांना गुण द्यावेत, ही कल्पनाच आपल्याकडे कोणाला सुचलेली नाही, आणि ती सुचायची तर संपादकीय टेबलाभोवती शिक्षक बसलेले असावे लागतात.

या सगळ्याची गरज किती होती, हे २०१४ साली आकड्यांत समोर आले. कर्मचाऱ्यांची वांशिक आकडेवारी व्यापारी गुपित असल्याचे सांगून ती उघड करायला मोठ्या कंपन्या अनेक वर्षे तयार नव्हत्या. नागरी हक्क चळवळीतील नेते जेसी जॅक्सन यांनी भागधारकांच्या सभांतून तो प्रश्न लावून धरला, आणि त्या वर्षी गूगलने पहिल्यांदा आपले आकडे जाहीर केले. अमेरिकेच्या लोकसंख्येत सुमारे १३ टक्के असलेले कृष्णवर्णीय गूगलच्या अमेरिकेतील कर्मचाऱ्यांत २ टक्के होते आणि तांत्रिक पदांवर अवघा १ टक्का होते. त्याच आकडेवारीत आशियाई वंशाचे ३० टक्के होते. पुण्या-मुंबईतून, नागपुरातून आणि संभाजीनगरातून गेलेली आपली मुले त्या ३० टक्क्यांत मोडतात, आणि म्हणूनच हा विषय आपला नाही असे मराठी वाचकाला म्हणता येणार नाही.

आपल्या मुलांसाठी अमेरिकेचे दार उघडले ते १९६५ च्या स्थलांतर कायद्याने, आणि तो कायदा झाला तो कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्क चळवळीने निर्माण केलेल्या वातावरणात. त्याआधी भारतासारख्या देशाला वर्षाला शंभर माणसांचा कोटा होता. ज्यांनी लाठ्या खाल्ल्या, तुरुंग भोगले, त्यांच्या मुलांना त्या समृद्धीचा वाटा सर्वांत कमी मिळाला आणि आपल्याला भरघोस मिळाला, ही वस्तुस्थिती परदेशस्थ मराठी कुटुंबांतून फारशी बोलली जात नाही. ती बोलली गेली पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

आता या नेतृत्वाच्या एका दुबळ्या बाजूविषयी लिहिणे भाग आहे. हे नियतकालिक आणि त्याचे वार्षिक संमेलन चालते ते प्रामुख्याने कंपन्या आणि सरकारी खाती यांच्या पैशावर. भरतीच्या जाहिराती, संमेलनातील नोकरी मेळाव्याच्या जागा आणि पुरस्कारांचे प्रायोजकत्व ही त्याची साधने आहेत. संमेलनात लष्करी अधिकाऱ्यांच्या सन्मानासाठी स्वतंत्र मेजवानी असते आणि तिला सेनापती व नौसेनापती आवर्जून येत. जानेवारी २०२५ मध्ये वॉशिंग्टनमधील नव्या सरकारने वांशिक समावेशाचे उपक्रम बंद करण्याचे आदेश काढले, आणि लगेच फेब्रुवारीत भरलेल्या संमेलनातून अमेरिकी लष्कराने व इतर सेनादलांनी भरतीचा सहभाग काढून घेतला. देशातील निवडक कृष्णवर्णीय अभियंते जिथे एका छताखाली भेटतात, तिथे भरतीसाठी जायचे नाही असे ज्या सेनेला अभियंत्यांची टंचाई आहे तिने ठरवावे, हे मला अत्यंत क्लेशकारक वाटले. पण याचा दुसराही अर्थ आहे. ज्यांना जाब विचारायचा त्यांच्याच जाहिरातीवर अंक निघत असेल, तर जाब विचारताना लेखणी आखडते, आणि त्यांनी पाठ फिरवली की अंकही अडचणीत येतो. चाळीस वर्षांत तयार झालेल्या हजारो यशस्वी अभियंत्यांकडून वर्गणी आणि देणगी उभी करणे, हे यापुढील नेतृत्वाचे पहिले काम असले पाहिजे असे माझे मत आहे.

दुसरा प्रश्न वारशाचा आहे. संस्थापकाच्या नावाशी इतकी बांधलेली संस्था त्याच्या पश्चात कोणी चालवायची? या बाबतीत अमेरिकेतच एक वेगळा नमुना आहे. कृष्णवर्णीय अभियंत्यांची राष्ट्रीय संस्था १९७५ साली इंडियाना राज्यातील पर्ड्यू विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी स्थापन केली. तिचेही नियतकालिक आहे, आणि तिच्या राष्ट्रीय कार्यकारिणीचे नेतृत्व आजही विद्यार्थी करतात, म्हणजे दर थोड्या वर्षांनी माणसे बदलतात आणि संस्था चालू राहते. अशा संस्थेत अनुभवाचे सातत्य कमी असते, पण एका माणसाच्या थकण्याने ती थांबत नाही. बाल्टिमोरच्या मंडळींनी अधिष्ठात्यांची परिषद सोबत ठेवली हे त्यांच्या दूरदृष्टीचे लक्षण आहे, कारण अधिष्ठाते निवृत्त होतात तरी त्या खुर्च्या राहतात.

हा प्रश्न महाराष्ट्राने फार जवळून पाहिला आहे. शाहू महाराजांनी दिलेल्या अडीच हजार रुपयांच्या साहाय्याने डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ सुरू केला. स्वतः बाबासाहेब तेव्हा सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक असल्याने संपादक म्हणून पांडुरंग भटकर यांचे नाव होते. त्याच वर्षी बाबासाहेब शिक्षण पूर्ण करण्यासाठी लंडनला गेले, ज्ञानदेव घोलप यांनी पत्र पुढे चालवण्याची खटपट केली, परंतु वर्गणीदार अपुरे, जाहिराती नाहीत आणि मागे उभे राहणारे मंडळ नाही, अशा स्थितीत १९२३ साली ते बंद पडले. विचारांची उणीव त्या पत्राला कधीच नव्हती. पैसा आणि माणसे यांची बांधणी मात्र होऊ शकली नाही. याच बाबासाहेबांनी १९४६ साली अमेरिकेतील कृष्णवर्णीय विचारवंत ड्यू बॉइस यांना पत्र लिहून, अस्पृश्य आणि कृष्णवर्णीय यांच्या स्थितीत इतके साम्य आहे की त्यांच्या प्रश्नाचा अभ्यास करणे आम्हाला स्वाभाविकच नव्हे तर आवश्यक आहे, असे कळवले होते. मी टेबोर्न आणि डीलोच यांच्या कामाकडे त्याच अभ्यासाचा भाग म्हणून पाहतो.

आपल्याकडे दलित, आदिवासी आणि भटक्या-विमुक्त समाजांतून अभियांत्रिकीत आलेल्या मुलामुलींची आता दुसरी, काही घरांत तिसरी पिढी नोकरीत आहे. साहित्यात या समाजांनी स्वतःची नियतकालिके उभी केली. उद्योजकतेत पुण्यातून २००५ साली दलित उद्योजकांचे चेंबर उभे राहिले. तंत्रज्ञानात काम करणाऱ्यांचे, त्यांच्याच संपादनाखालचे आणि मराठीतले नियमित नियतकालिक मात्र मला दिसत नाही. त्याची गरज नाही असे ज्यांना वाटते त्यांनी एकदा कॅम्पस मुलाखतीच्या दिवशी महाविद्यालयात येऊन बसावे. गणितात वर्गात पहिला आलेला मुलगा खोलीतून बाहेर येतो आणि सांगतो की, वडील काय करतात, गाव कोणते, आडनाव कसे, यापुढे प्रश्न गेलेच नाहीत. अशी मुले मी पाहिली आहेत. त्यांच्यापैकी पुढे चांगल्या पदांवर गेलेलेही पाहिले आहेत, आणि त्यांचे काम काय होते हे त्यांच्या धाकट्या भावंडांच्या वयाच्या विद्यार्थ्यांना कोणी सांगत नाही, हेही पाहिले आहे.

म्हणून माझी आपल्याला विनंती आहे. आपल्या तंत्रज्ञानविषयक पुरवणीत महिन्यातून एक पान या कामासाठी द्यावे, आणि त्या पानाचे संपादन दैनिकाच्या नेहमीच्या मंडळींकडे न ठेवता एका स्वतंत्र मंडळाकडे द्यावे. लोणेरे येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ, जिल्ह्याजिल्ह्यांतील शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालये आणि तंत्रनिकेतने येथील अध्यापक, तसेच पुणे-मुंबईच्या कंपन्यांत दहा-पंधरा वर्षे काम केलेले या समाजांतील अभियंते आणि विशेषतः अभियंता स्त्रिया त्या मंडळात असाव्यात. यशस्वी माणसांच्या मुलाखतींपुरते ते पान मर्यादित राहू नये. कोणती कंपनी कोणत्या महाविद्यालयात मुलाखतीला जातच नाही, उमेदवारीच्या जागा कोणाला मिळतात, शिष्यवृत्तीचे पैसे परीक्षेच्या अर्जाआधी हाती पडतात की नंतर, याची नोंद तिथे दरवर्षी व्हावी, आणि महाविद्यालयांनी कंपन्यांना दिलेले गुण वर्षातून एकदा छापले जावेत. जाहिरातदार नाराज होण्याची शक्यता आहे, म्हणून या पानाचा खर्च पहिल्यापासून वाचकांच्या वर्गणीतून वेगळा उभारावा. पहिल्या वर्षाच्या वर्गणीसाठी आमच्या निवृत्त अध्यापकांच्या गटातून मी पैसे गोळा करून देईन, आणि मंडळाची बैठक ठरल्यास तिच्या कामात लागेल ती मदत करीन. आपले उत्तर आल्यास नावे आणि पत्ते असलेली यादी पाठवतो.

आपला नम्र,
एक निवृत्त अभियांत्रिकी अध्यापक
नागपूर